छता बोले, सुने लागे

प्रकाश दोन प्रकारचा असतो. एक सूर्याचा आणि दुसरा लग्नातल्या फोटोग्राफरचा. पहिल्यात माणसे दिसतात, दुसऱ्यात माणसे दचकतात. विश्वास बसत नसेल तर कुठल्याही चार घरांतले लग्नाचे अल्बम काढून पाहा. वरमाईचा चेहरा नुकताच पिठाच्या गिरणीतून बाहेर पडल्यासारखा पांढरा. तिच्या मागच्या भिंतीवर तिचीच काळीकुट्ट सावली. प्रत्येकामागे अशी एकेक सावली उभी असल्यामुळे दोनशे पानांच्या लग्नाला चारशे माणूस जेवून गेले की काय, असा संशय येतो. वधूपित्याच्या चष्म्यात दोन सूर्य उगवलेले आणि टकलावर तिसरा. जावयाचे डोळे तर असे तांबडेलाल, की सासऱ्याने अल्बम मिटावा आणि स्थळाची चौकशी नव्याने सुरू करावी.

जावयाच्या वतीने इथे एक खुलासा केला पाहिजे. कमी उजेडात डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असेल, तर त्याचा उजेड बाहुलीतून सरळ आत शिरतो, डोळ्याच्या आतल्या पडद्यामागच्या रक्ताने तांबडा होतो आणि आल्या वाटेने परत लेन्समध्ये येतो. म्हणजे फोटोत दिसते ते जावयाचे रक्त असते, व्यसन नव्हे. फ्लॅश लेन्सपासून वीतभर वर नेला की तोच जावई निर्व्यसनी दिसू लागतो.

अशा फोटोंचे खापर मात्र हमखास कॅमेऱ्यावर फुटते. माझ्या कोथरूडच्या भाच्याने एक कॅमेरा विकून दुसरा घेतला, तोही देऊन तिसरा घेतला. तिसऱ्याच्या किमतीत पूर्वी सदाशिव पेठेत दोन खोल्या आल्या असत्या. (हे वाक्य पुण्यात कुठल्याही खरेदीबद्दल म्हणायचे असते, म्हणून म्हटले.) एवढे करून तो मला म्हणाला, "मामा, आईचा फोटो अजून पोलिसांना हवी असलेली व्यक्ती असल्यासारखाच येतोय रे!"

आई म्हणजे माझी सख्खी बहीण. तेव्हा मला लक्ष घालणे भाग होते. मी म्हटले, "बाबा रे, कॅमेरा निर्दोष आहे. त्याच्या टाळक्यातून बेडकासारखा टुणकन उडी मारून जो चिमुकला फ्लॅश वर येतो ना, त्याचा हा प्रताप आहे. तो मिटव आणि वेगळा फ्लॅश घे. डोक्यावर बसवायचा."

"म्हणजे आणखी खर्च?"

"आधीच्या तीन कॅमेऱ्यांपेक्षा कमी."

आता फ्लॅश म्हणजे काही कालची गोष्ट नव्हे. १८८७ साली मीथे आणि गेडिके या दोघा जर्मनांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत दोन-तीन स्फोटक द्रव्ये कालवून फोटोसाठी उजेडाची दारू तयार केली. ती तबकडीत घालून पेटवायची, धडाका व्हायचा, पांढरा धूर छताला लागायचा आणि फोटो निघायचा. जुन्या ग्रुपफोटोंतली माणसे गंभीर का दिसतात याची अनेक कारणे सांगतात, पण समोर एक मनुष्य हातात पेटती दारू घेऊन उभा आहे, हे त्यातले एक सबळ कारण असावे. १९२९ च्या सुमारास जर्मनीतच काचेचे बल्ब आले. एक बल्ब, एक फोटो; मग बल्ब फेकून द्यायचा. त्यामुळे फोटोग्राफर फार विचार करून बटण दाबीत असे. पुढे अमेरिकेत हॅरल्ड एजर्टन नावाच्या प्राध्यापकाने १९३० नंतरच्या वर्षांत वायूच्या नळीतून वीज सोडून पुन्हा पुन्हा लखलखणारा दिवा उपयोगात आणला. आजचे सगळे फ्लॅश त्याच घराण्यातले. एजर्टनने १९६४ साली बंदुकीची गोळी सफरचंदातून आरपार जातानाचा फोटो काढला, आणि गोळी त्यात अगदी स्थिर दिसते. कारण त्याचा उजेड सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कितीतरी थोड्या वेळात येऊन गेला; आपल्या फ्लॅशचा उजेड हजाराव्या भागात येऊन जातो, आणि ताकद कमी ठेवली तर त्याहूनही थोड्या वेळात. आपल्या कार्यालयांत गोळीहून चपळ अशी एकच वस्तू असते, ती म्हणजे पहिल्या पंगतीकडे निघालेला माणूस. तोही फ्लॅशने स्थिर होतो.

तर मी आणि भाचा बुधवार पेठेतल्या एका गल्लीतल्या दुकानात गेलो. दुकानदार वयस्क होते. भाचा म्हणाला, "फ्लॅश दाखवा."

"छत किती उंच आहे?" दुकानदारांनी विचारले.

"अहो, फ्लॅश हवाय."

"तेच विचारतोय. छत किती उंच? आणि रंग कुठला?"

भाच्याने हळूच बाहेर जाऊन दुकानावरची पाटी वाचून घेतली. रंगाच्या दुकानात शिरलो नव्हतो. मग आत येऊन तो म्हणाला, "साडेनऊ फूट असेल. पांढरं आहे."

"भिंती?"

"एक पोपटी आहे. बाकीच्या मोतिया."

"पोपटीकडे पाठ करा," दुकानदार म्हणाले, आणि मगच त्यांनी कपाट उघडले.

त्या एका प्रश्नावरून मी ओळखले की हा माणूस जाणकार आहे. छताचे महत्त्व पुढे सांगतो. आधी त्यांनी काचेवर ठेवलेल्या दोन खोक्यांची गोष्ट. एकावर साठ लिहिले होते, दुसऱ्यावर अठ्ठावीस. भाच्याचा हात अर्थातच साठाकडे गेला. हा आकडा म्हणजे फ्लॅशचा गाईड नंबर. त्याला माणसापर्यंतच्या अंतराने भागले की लेन्सचे छिद्र किती ठेवायचे ते कळते. समजा नंबर ३६ आहे आणि बहीण ३ मीटरवर बसली आहे, तर ३६ भागिले ३, बारा. म्हणजे एफ ११ च्या जरासे पुढे. चौथीतल्या मुलाला येईल असे हे गणित आहे.

पण स्थळे सुचवताना मुलाचा पगार जसा सांगतात, तसाच हा नंबरही सांगतात. मूळ पगार, अधिक भत्ते, अधिक ओव्हरटाइम, अधिक वडिलांचे पेन्शन. काही कंपन्या हा आकडा फुटांत देतात, काही मीटरमध्ये. सत्तरच्या दशकात निघालेला व्हिव्हिटार २८३ हा फ्लॅश जगभर गाजला. त्याचा नंबर कोणी १२० सांगत, कोणी ३६. लोक १२० ला भुलत. वस्तू एकच, फूट आणि मीटर एवढाच फरक. आता नवी युक्ती म्हणजे आतल्या झूमची. फ्लॅशचा झोत अरुंद केला की तो लांब जातो आणि नंबर फुगतो. गोडॉक्सच्या टीटी ६०० चे साठ हे २०० मिलिमीटरच्या झूमला मोजलेले. निकॉनच्या एसबी ७०० चे अठ्ठावीस हे ३५ मिलिमीटरला मोजलेले. दोघांची उंची मोजायची, पण एकाला स्टुलावर उभे करून. तेव्हा आकडा पाहिला की "कुठल्या झूमला, आयएसओ १०० ला ना, आणि फुटांत की मीटरमध्ये?" हे तीन प्रश्न विचारावेत. दुकानदार चिडला तर दुकान बदलावे.

आमचे दुकानदार चिडले नाहीत. ते म्हणाले, "छत्तीसच्या आसपास गुण जुळले की संसार होतो. त्याहून जास्तीचा हव्यास नको."

"छत्तीसचा आकडा म्हणजे भांडण ना?" भाचा म्हणाला. हल्लीच्या मुलांना पत्रिका येत नाही, पण म्हणी येतात.

"पाठ फिरवलेली बरी असते कधी कधी," ते म्हणाले. "आता मान बघा." आणि त्यांनी फ्लॅशची मान आधी वर केली, मग डावीकडे, मग उजवीकडे, मग थेट पाठीमागे वळवली. "ही फिरली पाहिजे. वर आणि आडवी, दोन्हीकडे. नुसती वर जाणारी घेतलीत तर कॅमेरा उभा धरल्यावर करणार काय? पुण्यात ताठ मानेची माणसं पुष्कळ आहेत, फ्लॅश तरी लवचिक घ्या."

फ्लॅश विकत घेण्याचे सगळे शास्त्र या मानेत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. समोरून तोंडावर मारलेला उजेड आणि तोंडावर बोललेला शब्द, दोन्ही सारखेच. खरे असते, पण माणूस चांगला दिसत नाही. फ्लॅशची काच असते आगपेटीएवढी. एवढ्याशा जागेतून आलेला उजेड सावल्या सुरीने कापल्यासारख्या पाडतो. नाकाची गालावर, नथीची ओठावर, माणसाची भिंतीवर. पण तोच उजेड छतावर टाकला, की छताचा एक मोठा चौकोन दिवा होऊन बसतो आणि तिथून तो सगळीकडे पसरून, निवून, खाली उतरतो. सावल्या विरघळतात. सुरकुत्या असतात, पण ओरडत नाहीत. चष्म्यातले सूर्य मावळतात. ज्या समाजाने 'लेकी बोले, सुने लागे' हे तंत्र पिढ्यान्पिढ्या घासूनपुसून वापरले, त्या समाजाला ही गोष्ट पुस्तकातून शिकावी लागावी, हे नवल आहे. बोलायचे छताला, लागले पाहिजे सुनेला. एवढेच.

अर्थात यात गळती आहे. उजेड छतापर्यंत जाणार, थोडा छत गिळणार, उरलेला खाली येणार. सरकारी अनुदानासारखे. निघालेल्यापैकी चौथा हिस्सा माणसापर्यंत पोचला तरी नशीब समजायचे. म्हणून तर दुकानदार छताची उंची विचारत होते, आणि म्हणून तर कॅमेऱ्यातल्या बेडकाला हे जमत नाही. त्याला मानही नाही आणि दमही नाही. रंगाचे तर आणखीच. उजेड ज्याला शिवतो त्याचा रंग घेऊन येतो. पोपटी भिंतीवरून आणला तर केळवणाला बसलेली मुलगी आठवडाभर आजारी वाटते. जुन्या वाड्यांत माळवदाच्या खाली काळ्याभोर तुळया आणि किलचणे असत; त्यांना कितीही उजेड घाला, सावकाराला घातल्यासारखा, परत काही येत नाही. आणि मंगल कार्यालयात छत तीस फुटांवर नाहीतर त्याखाली गुलाबी सॅटिनचा मांडव. तिथे बिचाऱ्या फोटोग्राफरने बोलायचे कुणाला? मग तो सुनेलाच बोलतो. अल्बम तसे का होतात, याचे हे त्याच्या बाजूचे उत्तर आहे, आणि ते रास्त आहे. फक्त एक पळभर सबंध कार्यालयात त्याला उत्तम पांढरी भिंत मिळते. ती म्हणजे अंतरपाट. वधूच्या अंगाने उभे राहून अंतरपाटावर उजेड टाकला, तर वधूचा चेहरा असा उजळतो की नवऱ्यामुलाने पलीकडे काय चालले आहे म्हणून डोकावून पाहावे.

पण अंतरपाट दूर होतो त्या क्षणी फ्लॅश तयार असला पाहिजे ना! इथे सेलचा प्रश्न येतो. पूर्ण ताकदीने एकदा उडवला, की फ्लॅशच्या पोटातला कपॅसिटर पुन्हा तीनशेएक व्होल्टपर्यंत भरावा लागतो. तेव्हा जी बारीक शीळ ऐकू येते ती त्याचीच. ताज्या सेलवर दोन-तीन सेकंद, दमलेल्यांवर दहासुद्धा. इकडे "शुभमंगल सावधान" झाले, अक्षता पडल्या, अंतरपाट उत्तरेकडे गेला, वाजंत्री सुरू झाली, आणि फोटोग्राफर फ्लॅशच्या पाठीवरच्या लाल दिव्याकडे सत्यनारायणाच्या प्रसादाकडे पाहावे तसा पाहतो आहे! चांगले रिचार्ज होणारे निकेलचे चार सेल फ्लॅशमध्ये, आणखी चार खिशात, आणि ताकद अर्ध्यावर. हे केले तर गुरुजींना "पुन्हा एकदा सावधान म्हणा" अशी विनंती करण्याची वेळ येत नाही. हल्लीच्या लग्नांत गुरुजी तेही म्हणतात म्हणा. त्यांना सवय झाली आहे.

बाकीच्या गोष्टी दुकानदारांनी झटपट उरकल्या, मीही उरकतो. टीटीएल नावाची सोय असते, तीत फ्लॅश आधी एक हलकीशी लुकलुक पाडून लेन्समधून उजेड मोजतो आणि मग खरा उजेड पाडतो. आपण खडा टाकून पाहतो तसे. सोय उत्तम, पण काही माणसे खड्यालाच डोळे मिटतात आणि नेमकी मिटलेली येतात. एका जागी बसलेल्या माणसासाठी मी हाताने ताकद ठरवतो. शटरला मर्यादा असते. १९७६ ते १९९७ पर्यंत निघालेल्या पेंटॅक्स के १००० ला फ्लॅशबरोबर १/६० सेकंदाच्या वर जाता येत नसे. गेले की पडद्याची फट फोटोभर उघडायच्या आतच उजेड येऊन जाई आणि अर्धा फोटो काळा. मी एक अल्बम पाहिला आहे, त्यात वधू सप्तपदी एकटीच चालते आहे. आताचे कॅमेरे बहुधा १/२०० किंवा १/२५० पर्यंत मुभा देतात. कॅमेऱ्यावरच्या खाचेत मधली पिन आहे का, हेही पाहावे. कॅननने २०१९ साली काढलेल्या एका छोट्या कॅमेऱ्यात ती नाही, तेव्हा साधे सर्वजातीय फ्लॅश त्याच्यावर पेटत नाहीत. आणि माळ्यावर सापडलेला मामांचा जुना फ्लॅश हौसेने नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नये. जुन्यांपैकी काहींच्या पायाशी दोन-अडीचशे व्होल्टचा झटका असतो. नव्या कॅमेऱ्याला तो सोसेलच असे नाही. जुनी माणसे आणि नवी माणसे एका घरात ठेवताना मध्ये काहीतरी लागते, त्यातलाच प्रकार.

आणि अंतर! दुप्पट अंतरावर उजेड निम्मा नव्हे, पाव होतो. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खालच्या गणपतीवर फ्लॅश उडवताना मी दरवर्षी पाहतो. बाराच्या नंबराचा बेडूक, एफ ५.६ च्या छिद्राला, जेमतेम २ मीटर जातो. म्हणजे त्या उजेडात गणपती नव्हे, गॅलरीचा कठडा आणि शेजारच्यांचा कोपर एवढेच उत्तम दिसत असणार. सवाई गंधर्व महोत्सवातही मंडळी मागच्या भारतीय बैठकीवरून लखलखाट करतात. तिथे तर तो पिशवीत ठेवावा. गवई डोळे मिटून जे पाहत असतो ते आपल्या उजेडात येत नाही.

फ्लॅश घेतला. घरी छतावर टाकून बहिणीचा फोटो काढला. ती म्हणाली, "बरी दिसते की रे मी!" आणि मग इतका वेळ गप्प राहिली, की मला वाटले काहीतरी चुकले. ती म्हणाली, "काकूचा एकही असा नाही."

ही गोष्ट खरी होती. थोरली काकू गेली तेव्हा तेराव्याला मांडायला फोटो हवा होता. अकरा अल्बम आणि बिस्किटांचे दोन डबे उपसले. काकू सगळ्यांत होती. वाढताना पाठमोरी होती, ओटी भरताना वाकलेली होती, कोणाच्यातरी हारामागे अर्धी होती, आणि जिथे समोरून होती तिथे फ्लॅशने डोळे मिटलेले, चेहरा पुसल्यासारखा पांढरा. जन्मभर जिने सगळ्यांना ओळखले, तिला ओळखता येईल असा फोटो सापडेना. शेवटी कोणाच्यातरी मुंजीतल्या ग्रुपफोटोतून स्टुडिओवाल्याने तिला कापून काढली, मोठी केली, मागे निळे आकाश घातले. तिच्या खांद्यावर कोणाचातरी हात होता, तोही काढून टाकला. कोणाचा, ते आता कोणालाच आठवत नाही. तो फोटो भिंतीवर लागला. काका रोज सकाळी त्याला फूल वाहत आणि म्हणत, "हिच्यासारखी दिसते. पण ही ती नव्हे."

काका चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. जुना वाडा पाडून त्याच जागी झालेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर राहतात. फ्लॅश घेतल्याचे कानावर गेले तसा त्यांचा फोन आला. "ये आणि माझा फोटो काढून जा. भिंतीवरचा."

"काका, असं काय बोलता..."

"का? नंतर काढलास तर मला पसंत आहे की नाही, कोण विचारणार मला?"

यावर उत्तर नव्हते. मी आणि भाचा गेलो. काका दाढी करून, दात लावून, काळी टोपी घालून खुर्चीत बसले होते. चष्मा काढू का, म्हटले, तर म्हणाले, "चष्मा राहू दे. वर गेल्यावर दिसायला नको?" मोतिया भिंत त्यांच्या डावीकडे होती. मी कॅमेरा त्यांच्यासमोर धरला आणि फ्लॅशची मान भिंतीकडे वळवली. छतावरून उजेड आणला तर टोपीची सावली डोळ्यांवर येते. टोपीवाल्यांना भिंत बरी.

काकांना ते आवडले नाही. "माझा काढतोयस की भिंतीचा?"

"तुमचाच काका. उजेड भिंतीला लागून तुमच्यावर येणार."

काकांनी भिंतीकडे पाहिले, फ्लॅशकडे पाहिले. "हे म्हणजे तुझ्या काकूसारखं झालं. मोरीकडे तोंड करून बोलायची. 'काही लोकांना चहाची वेळ झाली की बरोबर कळतं हो, भाजीची पिशवी मात्र दिसत नाही.' मोरीत कोणी नसायचं. मी इकडे पेपर घेऊन बसलेला." आणि ते हसले. आधी नुसते डोळ्यांनी, मग सगळ्या चेहऱ्याने.

मी बटण दाबले.

मागच्या पडद्यावर फोटो दाखवला तेव्हा काकांनी तक्रार केली, की भिंतीवरच्या माणसाने हसू नये; श्राद्धाला आलेल्या लोकांना जेवण जात नाही. म्हणून गंभीर असे आणखी सहा काढले. ते कोणालाच आवडले नाहीत. काका बराच वेळ पहिल्याकडे पाहत राहिले. मग उठून कपाटापाशी गेले आणि पंचांगातून एक चौकोनी फोटो काढून त्यांनी माझ्या हातात दिला. आगफाच्या क्लिक थ्री कॅमेऱ्यावर त्यांनीच कधीतरी वाड्यात काढलेला. तळहाताहूनही लहान. चौकाच्या कडेला पायरीवर बसून काकू तांदूळ निवडते आहे. कोणीतरी हाक मारल्यासारखी मान वर करून पाहते आहे. ऊन तिच्यावर नाही. ऊन समोरच्या चुन्याच्या भिंतीवर पडले आहे आणि तिथून तिच्या चेहऱ्यावर येते आहे. कपाळावरचा घाम दिसतो, कुंकू दिसते, आणि ती आता काहीतरी बोलणार आहे हेही दिसते.

"काका, हा तेराव्याला का नाही दिलात?"

"तेव्हा तुम्ही भिंतीवर लावायला मागत होतात," काका म्हणाले.

आम्ही तो फोटो टेबलावर सपाट ठेवला. एका बाजूला भाच्याचा फ्लॅश, एका बाजूला माझा, दोन्ही पंचेचाळीस अंशांत, म्हणजे चकचकीत कागदावर झळाळी येत नाही. वरून सरळ कॅमेरा. काका शेजारी उभे राहून "ताकद कमी ठेव, जुना आहे तो" असे दोनदा म्हणाले. पंधरा दिवसांनी मुंजीतली काकू निळ्या आकाशासकट माळ्यावर गेली आणि तांदूळ निवडणारी भिंतीवर आली. फूल वाहताना काका हल्ली काही म्हणत नाहीत. एकदा मात्र "आलो, आलो" म्हणाले, असे बहीण सांगते.

काकांच्या स्वतःच्या फोटोची मोठी प्रत फ्रेम करून, जुन्या पातळात गुंडाळून, मुदतठेवींच्या पावत्यांच्या कपाटात ठेवलेली आहे. लागेल तेव्हा शोधाशोध नको म्हणून. त्याच फोटोच्या लहान प्रती त्यांनी माझ्याकडून आठ करून घेतल्या. मला कारण कळेना. पुढल्या महिन्यात त्यांना बँकेत घेऊन गेलो तेव्हा कळले. केवायसीचा फॉर्म भरायचा होता. काकांनी पाकिटातून तो हसरा फोटो काढला, डिंकाने नीट चिकटवला आणि फॉर्म खिडकीत सरकवला. आतल्या मुलीने फोटो पाहिला, काकांकडे पाहिले, पुन्हा फोटो पाहिला.

"आजोबा, फोटो अलीकडचाच आहे ना?"

"पुढचा आहे," काका म्हणाले. "पण सध्या चालवून घ्या."